छोट्या खोलीची सफाई

मयूर विहार, १६ नोव्हेंबर

सृष्टी,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. तू बाळाला घेऊन माहेरी गेल्यापासून निहार रोज ऑफिसातून परस्पर तुझ्या बाबांकडे आर. के. पुरमला येतो, त्याच्या हाती डबा देते तशी ही चिठ्ठी देते आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, पण हिंदी लिहिताना माझी मात्रा चुकते आणि इंग्रजीत मला प्रेमानं बोलता येत नाही. तेव्हा सावकाश वाच. अडलीस तर बाबांना विचार.

आधी महत्त्वाचं. जे झालं त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. अगं, बाटल्या उकळायचं ते यंत्र तू छोट्या खोलीत लावलंस आणि बाळाला घेऊन पलीकडच्या खोलीत जरा आडवी झालीस. तेवीस दिवसांची ओली बाळंतीण तू, डोळा लागणारच. बोर्डही जुना होता. सोसायटीचे सेक्रेटरी आले, वितळलेला बोर्ड बघितला आणि "इसी से लगी है" म्हणून मोकळे झाले. मी तुला एका शब्दानं बोलले का? नाही ना. मग झालं तर.

पण निहार सांगतो की तू बाळाला एकटी घेतच नाहीस. बाबा किंवा आत्या खोलीत असतील तरच मांडीवर घेतेस, आणि पाजून झालं की लगेच दुसऱ्याच्या हातात देतेस. हे काय आता? रात्री उठून बघतेस म्हणे, सगळ्या खोल्यांतले प्लग काढलेत का ते. असं करू नये बाळा. दूध आटतं काळजीनं.

घराचं म्हणशील तर जळली फक्त छोटी खोली. पण धूर कुठे शिरला नाही ते विचार. फ्रिजच्या रबरात आहे, साखरेच्या डब्याच्या झाकणाखाली आहे, कपाटात घडी घातलेल्या तुझ्या शालूच्या आतल्या घडीतसुद्धा आहे. मी आणि निहार झोपायला वरच्या चेतनाताईंकडे जातो. इलेक्ट्रिशियननं सगळी लाइन तपासून दिल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही असं ठरलंय, म्हणून दिवसा उजेड असेल तेवढंच काम चालतं.

सफाईवाला हरिदास म्हणून आहे, पन्नाशीचा, आगी लागलेली घरं साफ करणं हाच त्याचा धंदा. तो यायच्या आधीच मी एक उद्योग करून ठेवला. म्हटलं, वाट कशाला बघायची, या हातांनी अकरा बाळंतपणं केलीत, एक भिंत पुसायला काय लागतं. फडकं ओलं केलं आणि हॉलच्या भिंतीवर हात फिरवला. काजळी निघायच्या ऐवजी रंगात मुरली. आता तिथे हातभर रुंद काळा पट्टा आहे, आणि तो घासल्यावर आणखी रुंद झाला. हरिदास आला, बघितलं आणि म्हणाला, "माताजी, पानी बाद में। पहले सूखा।" कोरडा स्पंज भिंतीवर एकाच दिशेनं ओढायचा, घासायचा नाही, आणि तो काळा झाला की पुढचा घ्यायचा. झाडू तर अजिबात नाही, सगळं हवेत उडतं. चौसष्टाव्या वर्षी मला कुणी भिंत पुसायला शिकवलं.

बाल्कनी मात्र माझी मीच करणार आहे, तसं त्याला सांगून ठेवलंय. तिथे तुळस आहे.

डब्यात मुगाची खिचडी आहे. चेतनाताईंच्या गॅसवर केली आहे, आपल्या घरातलं काही वापरलेलं नाही.

आई

मयूर विहार, १९ नोव्हेंबर

सृष्टी,

आज हरिदासशी भांडले. दुधाच्या पावडरीचा डबा तो फेकायला निघाला. मी म्हटलं, झाकण घट्ट आहे, अर्धासुद्धा संपलेला नाही. तो म्हणाला, एकदा उघडलेला डबा आहे, धूर आत गेला की दिसत नाही. मी हट्टाला पेटले. मग त्यानं हात पुसले आणि विचारलं, "बच्चा इसी घर में आएगा न?" गुमान दिला डबा.

त्यानंतर सगळंच दिलं. बाटल्या, बुचं, पावडर, तुझी औषधं, बाळाची गादी, उशा, निहारनं आणलेला तो हत्ती. फोमच्या आणि कापूस भरलेल्या वस्तूंत वास बसला की तो निघत नाही, आणि बाळ त्यावरच नाक घासणार. आणि हो, माझे डिंकाचे लाडूही गेले. पुण्याहून डिंक आणला होता, दीडशे वळले होते. डबा उचलताना हरिदासला सुगंध आला असावा, तो म्हणाला, "अफ़सोस की बात है।" म्हटलं, अफसोस कसला, पुन्हा करीन.

माझा अवतार बघायला हवा होतास. तोंडाला तो जाड मास्क, हातात कोपरापर्यंत मोजे, डोळ्यांवर निहारचा बाइकचा चष्मा, आणि वर नऊवारी नसली तरी कासोटा मारलेला. चेतनाताईंनी दार उघडलं तर दोन पावलं मागे गेल्या. आग विझवायला गार्डनं जी पावडर मारली होती ती बेसनासारखी सगळीकडे बसली आहे, ती नाकात गेली की घसा धरतो. ती मशिनं ओढून घ्यायची, मग पुसायची.

खिडक्या उघडून हवा खेळू द्यावी तर बाहेर दिल्लीचा नोव्हेंबर. वास जावा म्हणून खिडकी उघडा आणि बाहेरचा धूर आत घ्या. हरिदास दुपारी एक ते तीन उघडतो, तेव्हा जरा बरं असतं म्हणे. खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावला आहे, त्याची वायर चेतनाताईंकडून सोडली आहे. एसीला तर हात लावू देत नाही, आधी आतून धुतल्याशिवाय आणि जाळी बदलल्याशिवाय चालू करायचा नाही म्हणतो, नाहीतर साठलेली काजळी सगळ्या घरभर फिरेल.

जे कपडे वाचलेत ते गच्चीवर झटकून मग धुतले. दोनदा धुवूनही वास आहे. इस्त्री करायची नाही अजून, उष्णतेनं वास पक्का बसतो. तुझा तो पिवळा कुर्ता तीन पाण्यांतून काढला, आता बरा आहे. बाळाचा लंगोट मात्र एकही राहिला नाही. चाळीस शिवले होते, माझ्या आईच्या जुन्या लुगड्याचे. खाटेवर पसरले होते ना, त्यामुळे सगळे गेले.

छोट्या खोलीत हरिदास थबकला आणि म्हणाला, "यहाँ लोबान जैसी गंध है।" मी सांगितलं, आमच्याकडे देवाला धूप असतो.

निहार काल म्हणाला, तू माझी चिठ्ठी वाचून रडलीस. त्याला म्हणालीस की आई किती चांगल्या आहेत, मैंने घर जला दिया और उन्होंने एक बार भी नहीं डाँटा. मला त्यानं हे जेवताना सांगितलं. पोळी तशीच राहिली माझी.

इतकी चांगली नाही गं मी. असू दे.

आई

मयूर विहार, २३ नोव्हेंबर, सकाळी

सृष्टी,

हॉल झाला. तुमची खोली झाली. माझा काळा पट्टासुद्धा प्रायमरखाली गेला. आज छोट्या खोलीची फरशी घेतली.

हरिदासनं गुडघे टेकून आधी कोरडं ओढलं, मग साबणाच्या पाण्यानं एकेक फरशी धुतली. मी दारात उभी होते. खाट होती त्या जागी, बरोब्बर मधोमध, एक गोल डाग वर आला. परातीएवढा, आतून भाजलेला, आणि त्यात तीन ठिपके. त्यानं डागावर बोट फिरवलं. मग उठून तो वितळलेला बोर्ड घेऊन आला, त्यानं तो खिडकीशी ठेवलेला होता. मला दाखवला. "माताजी, ये बाहर से जला है। अंदर की तार साफ़ है।" एवढंच बोलला.  त्यानं बोर्ड परत खिडकीशी ठेवला आणि म्हणाला, "घर आपका है। दाग़ निकलेगा नहीं, टाइल बदलनी पड़ेगी।"

मी त्याला चहा करून आणते म्हणून वर गेले आणि चहा न करता इथे बसून तुला लिहायला घेतलं आहे. काय लिहायचं ते कळत नाही. टाइल कुठल्या रंगाची आणायची ते सांग. दुकान

(पुढे, दुपारी)

निहार आज अर्ध्या दिवसानं आला. काल रात्री तू त्याला म्हणालीस की बाळ इथेच बाबांकडे आणि आत्याकडे राहू दे, मी थोडे दिवस मैत्रिणीकडे जाते, मुझसे दूर ही ठीक है वो. तू आजपासून बाळाला फक्त बाटलीच देतेस. म्हणजे तुझं अंगावरचं पाजणंसुद्धा सुटलं.

तो भिंतीला टेकून बसला आणि रडला. माझा मुलगा बापाच्या वेळी रडला नव्हता.

सृष्टी, पुढचं पान बाबांना दाखवू नकोस. शब्द अडले तरी स्वतःच वाच. मी सोपं लिहिते.

आग तुझ्या यंत्रानं लागली नाही. आग माझ्या शेगडीनं लागली.

शेगडी म्हणजे लोखंडाची, तीन पायांची, त्यात कोळसे पेटवतात. तू तिला "वो अँगीठी" म्हणाली होतीस आणि हात जोडून नको म्हणाली होतीस. डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, बंद खोलीत कोळसा नाही, बाळाला धूर नाही, धुरी नाही. निहारनं दोनदा बजावलं होतं. मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, कालची पोरं. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असते. वेखंड, ओवा, बाळंतशेपा निखाऱ्यावर टाकतात, त्या धुरीवर बाळाचे लंगोट-दुपटी गरम करतात, म्हणजे बाळाला सर्दी होत नाही. अकरा जणींना मी असा शेक दिला. तुझी आई नाही म्हणून तुझं बाळंतपण माझ्याकडे आलं, आणि मला ते तुझ्या आईपेक्षाही चांगलं करून दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं देव जाणे.

आगीच्या दिवशी तू यंत्र लावून पलीकडे जाऊन झोपलीस. मी म्हटलं, हीच वेळ. बाल्कनीत कोळसे फुलवले, शेगडी छोट्या खोलीत आणली, ती नवारीची घडीची खाट मी त्याचसाठी बाजारातून आणली होती. खाटेखाली शेगडी, खाटेवर लंगोट. आणि तुला वास येऊ नये, तू जागी होऊन रागावू नयेस म्हणून दार लावून घेतलं. तुला वास येऊ नये म्हणून. मग स्वयंपाकघरात जाऊन खीर ढवळत बसले, आणि माझ्या बहिणीला फोन लावला. तिला सांगत होते, दिल्लीच्या पोरीला काही येत नाही, सगळं मलाच बघावं लागतं.

तू जागी झालीस धुरानं. मी नाही, तू. बाळाला दुपट्यात गुंडाळून, अनवाणी, टाके पुरते भरले नसताना तीन मजले उतरलीस आणि उतरताना माझ्या नावानं ओरडत होतीस, "आई, बाहर आओ।" गार्ड धावत आला तो तुझ्या ओरडण्यानं. त्या दिवशी त्या घरात ज्या एका माणसानं सगळं बरोबर केलं ती तू होतीस. हे नीट वाच. परत वाच.

गार्डनं पावडर मारली, आग विझली, सगळे खाली तुझ्याभोवती जमले. मी वर होते. सांडशीनं शेगडी धरली, बाल्कनीत नेली, पाणी ओतलं आणि जुन्या कूलरच्या मागे सरकवली. विचार केला नाही, हात आपोआप चालले. मग सेक्रेटरी वर आले, बोर्ड बघितला, म्हणाले यानं लागली. तू खालून वर आलीस आणि म्हणालीस, "मैंने ही लगाया था।" मी तिथे उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. मला वाटलं, आता बोलले तर निहार मला परत या घरात उभी करणार नाही, बाळ पुन्हा मांडीवर मिळणार नाही. म्हणून गप्प राहिले. आणि वर तुला क्षमा करत बसले, चिठ्ठ्या लिहून. त्या पहिल्या दोन चिठ्ठ्या फाडून टाक. मला त्यांची लाज वाटते.

बाळाला तुझ्यापासून काही धोका नाही. धोका होता तो माझ्यापासून, माझ्या तोऱ्यापासून. तुझ्या हातात ते पोर सगळ्यांत सुरक्षित आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि बारा दिवस तोंडात दाबून ठेवलं आहे.

निहारला मी स्वतः सांगणार आहे, ही चिठ्ठी त्याच्या हातात देण्याआधी. शेगडी कूलरमागून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली आहे.

कुमुदिनी

कस्तुरबा गांधी मार्ग, २९ नोव्हेंबर

सृष्टी,

इथे आपल्या राज्याच्या सदनात खोली मिळाली चार दिवसांसाठी. पुण्याचं तिकीट उद्याचं आहे. खाली कँटीनमध्ये पोहे मिळतात, त्यात शेंगदाणे कमी असतात.

निहारला सांगितलं. तो ग्लासभर पाणी प्यायला, ग्लास विसळून पालथा ठेवला. मग "तुमची बॅग मी भरून देतो" म्हणाला. मला तो "अगं आई" म्हणतो, त्या दिवशी "तुम्ही" म्हणाला. मी म्हटलं, बॅग मी भरते, तू चिठ्ठी पोचव.

घराचं काम मी निघायच्या आधी पूर्ण करून घेतलं. छोट्या खोलीच्या टाइल बदलल्या, फिकट राखाडी मिळाल्या, तुला आवडल्या नसतील तर चिडू नकोस. एसीची जाळी नवी आहे, पहिल्या दिवशी अर्धा तास बाळाला पलीकडे ठेवूनच चालव. छताला धुराची सूचना देणारं यंत्र बसवलंय, हरिदासनं त्याखाली काडी पेटवून दाखवलं, कान किटले. कपाटातल्या शालूचा वास अजून पूर्ण गेलेला नाही, तो ड्रायक्लीनला द्यायचा राहिला. हरिदास जाताना माझ्या पाया पडला. का पडला कुणास ठाऊक, मी मागे सरकले.

आज दुपारी निहार इथे आला. बाहेर लॉबीत उभा राहिला, बसला नाही. पण आला. म्हणाला, तू परवा घरी आलीस. टेबलावरची शेगडी तू स्वतः उचललीस आणि खाली भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवून आलीस. ती माझ्या आईची होती. छान केलंस.

मग त्यानं तुझा निरोप सांगितला. "आईंना सांग, मी त्यांच्याशी इतक्यात बोलणार नाही. बारशाला बोलावणार नाही. मला फार राग आहे." बरोबर आहे तुझं. मी तुझ्या जागी असते तर माझाही राग कमी झाला नसता.

तो जायला वळला आणि दारातून परत आला. म्हणाला, "आई, आज सकाळी तिनं बाळाला आंघोळ घातली. एकटीनं. मला बाहेर काढलं." पुन्हा अंगावर पाजते आहे म्हणाला, आणि काल रात्री प्लग बघायला उठली नाही. मी त्याच्यासमोर रडले नाही, तो गेल्यावर जिन्यात बसून पोटभर रडले. एक बाई आली, म्हणाली, "क्या हुआ आंटी, कोई गया क्या?" मी सांगितलं, नाही, आली. माझी सून घरी आली.

ही चिठ्ठी काउंटरवर ठेवून जाते, निहार सोमवारी इकडून जाताना घेईल. उत्तर नाही लिहिलंस तरी चालेल.

फक्त एक सांगायचं राहिलं. आंघोळीनंतर टाळू भरायची, म्हणजे डोक्यावर जिथे मऊ लागतं तिथे बोटभर तेल हळूच ठेवायचं, चोळायचं नाही. डॉक्टरांना आधी विचार, नको म्हणाले तर नको. आणि हो म्हणाले तर तेल गॅसवर गरम करू नकोस. वाटी गरम पाण्यात ठेवायची, आणि पाण्याजवळ उभं राहायचं.

कुमुदिनी